९११ घ्यायची, पण कुठल्या सालची?

जुनी गाडी घेताना बहुतेकांचा हिशेब सरळ असतो: परवडेल तितकी नवी घ्यावी. रोजच्या वापराच्या गाड्यांना हा हिशेब सहसा बरोबर ठरतो. आधीच्या गाडीतल्या तक्रारी कंपनीने नंतरच्या गाडीत निस्तरलेल्या असतात आणि नव्या गाडीची झीजही कमी झालेली असते. पोर्शे ९११ला मात्र हा हिशेब लावताना थांबावं लागतं, निदान १९९७ ते २००८ या काळातल्या गाड्यांसाठी तरी. या काळात एका बाबतीत १९९९ची गाडी २००३च्या गाडीपेक्षा भरवशाची आहे, दुसऱ्या बाबतीत २००३ची गाडी २००६च्या गाडीपेक्षा बरी आहे, आणि त्यानंतरची २००९ची गाडी दोन्ही बाबतींत सगळ्यांच्या पुढे आहे. जाहिरातीत साल आणि किलोमीटर बघून हे कळत नाही. त्यासाठी इंजिनाच्या आत काय बदललं आणि कधी बदललं, हे माहीत असावं लागतं.

आधी क्रमांक समजून घेऊ. ९११ हे नाव १९६४ पासून तेच आहे, पण कारखान्यात प्रत्येक पिढीला वेगळा क्रमांक असतो आणि जाणकार त्याच क्रमांकाने बोलतात. ९९३ ही हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची पिढी. मार्च १९९८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. १९९७च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आलेली ९९६ ही पाण्याने थंड होणारी पहिली ९११. तिच्यानंतर २००४ मध्ये ९९७ आली आणि २०११ मध्ये ९९१. यातल्या ९९६ आणि ९९७ या दोघींचे आणखी दोन-दोन भाग पडतात. ९९६मध्ये मोठी सुधारणा झाली २००२च्या मॉडेलपासून, ९९७मध्ये २००९च्या मॉडेलपासून. घेणाऱ्याच्या दृष्टीने पिढी बदलते त्या सालापेक्षा पिढीच्या मधोमध झालेला हा बदल जास्त महत्त्वाचा आहे. इथे मी मुख्यतः कॅरेरा आणि कॅरेरा एस या नेहमीच्या ९११बद्दल बोलतो आहे. टर्बो आणि जीटी-३ यांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

पाण्यावर जाण्याचा निर्णय पोर्शेने हौसेने घेतला नव्हता. १९८०च्या दशकाच्या मध्यावर वर्षाला सुमारे ५०,००० गाड्या विकणारी ही कंपनी १९९३च्या सुमारास १५,०००च्याही खाली आली होती आणि ती स्वतंत्र राहील का, असा प्रश्न उघडपणे विचारला जात होता. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतल्यावर टोयोटाच्या पद्धती जाणणारे जपानी सल्लागार श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात आणले. जुळणीची जागा, सुट्या भागांचे ढीग, कामगारांच्या फेऱ्या, सगळं नव्याने आखलं गेलं. त्याच काळात स्वस्त बॉक्स्टर आणि नवी ९११ या दोन गाड्या एकत्र आखायचं ठरलं. दारांपर्यंतचा पुढचा भाग, दिवे, डॅशबोर्ड आणि इंजिनाचा मूळ आराखडा दोघींत सारखाच राहिला. कंपनी वाचली ती या काटकसरीमुळे, आणि पुढे वर्णन केलेल्या दुखण्यांचं मूळही याच काळातल्या इंजिनात आहे.

तांत्रिक कारणही तितकंच खरं होतं. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले की हेडमध्ये उष्णता फार साचते आणि ती नुसत्या पंख्याच्या हवेने काढून घेणं अवघड जातं. शिवाय आवाज आणि धूर यांचे नियम कडक होत चालले होते, आणि इंजिनाभोवती पाण्याचं आवरण असलं की आवाजही दबतो. ९९३च्या ३.६ लिटर इंजिनाची ताकद शेवटी २८५ अश्वशक्तीपर्यंत पोहोचली होती. ९९६ने त्याहून लहान ३.४ लिटर इंजिनातून ३०० अश्वशक्ती काढली, गाडी लांबीला वाढली तरी वजन ५० किलोने कमी होऊन १,३२० किलोवर आलं.

तरीही ९९६वर लोक रागावले. पिंकी लाय यांनी रेखाटलेल्या या गाडीचे दिवे गोल नव्हते. इंडिकेटर आणि मुख्य दिवा एकाच काचेखाली आल्याने त्यांचा आकार ओघळलेला दिसत होता, आणि तेच दिवे स्वस्त बॉक्स्टरलाही होते. आतलं प्लास्टिक साधं होतं. सुरुवातीच्या गाड्यांत डॅशबोर्डला सामान ठेवायचा कप्पासुद्धा नव्हता, तो २००२च्या सुधारणेत आला. या नाराजीचा परिणाम आजही बाजारभावात दिसतो. ९९३ची किंमत आकाशाला भिडली आहे आणि ९९६ ही अनेक वर्षं सर्वांत स्वस्तात मिळणारी ९११ राहिली आहे. मला हा भेदभाव अन्यायाचा वाटतो. पण गाडी विकत घेऊन चालवू पाहणाऱ्याला तो उपकारक आहे, कारण दिव्यांचा आकार वळणावर गाडी कशी वागते हे ठरवत नाही.

आता इंजिनाच्या पोटात शिरू. एम-९६ या नावाच्या या इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली आणखी एक दांडा असतो, त्याला इंटरमीजिएट शाफ्ट म्हणतात. क्रँकशाफ्ट साखळीने या दांड्याला फिरवतो आणि त्याच्यावरून निघालेल्या साखळ्या दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट फिरवतात. म्हणजे व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे, याची सगळी शिस्त या एका दांड्यावर अवलंबून आहे. दांड्याचं फ्लायव्हीलकडचं टोक ज्या बेअरिंगवर टेकतं ते तळहातात मावेल एवढं लहान, आणि आतूनच ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी बंद केलेलं. इंजिनातलं तेल आत जाऊ नये, अशी त्याची रचना. पण कालांतराने रबरी सील कडक होतं आणि तेल आत झिरपतं. ते ग्रीस धुऊन नेतं, मात्र सील अडवत असल्याने पुरेसं वाहतं तेल आतल्या गोळ्यांना मिळत नाही. गोळ्या घासू लागतात. पुढे बेअरिंग फुटलं तर दांडा डुगडुगतो, साखळी सैल पडते, व्हॉल्व्हची वेळ चुकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. त्यानंतर दुरुस्तीची भाषा संपते आणि दुसऱ्या इंजिनाचा शोध सुरू होतो.

सालाचा उलटा खेळ इथे सुरू होतो. १९९७पासूनच्या सुरुवातीच्या गाड्यांत या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी होत्या. २०००-०१च्या सुमारास कंपनीने एकाच ओळीचं, कमी भार पेलणारं बेअरिंग बसवायला सुरुवात केली आणि बिघाडाचं प्रमाण तिथून वाढलं. अमेरिकेत गाडीमालकांनी सामूहिक दावा लावला. २०१३ मध्ये त्याची जी तडजोड झाली ती मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्यांपुरती होती, त्याआधीच्या नव्हे. ९९७ आल्यावर, २००५-०६च्या सुमारास, कंपनीने बरंच मोठं आणि मजबूत बेअरिंग दिलं. ते क्वचितच फुटतं. मात्र क्रँककेस दुभंगल्याशिवाय ते बाहेर काढता येत नाही. याउलट ९९६मधलं लहान बेअरिंग गिअरबॉक्स उतरवला की समोर दिसतं. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून शहाणे मालक क्लचच्या कामातच हे बेअरिंगही बदलून घेतात. बाजारात सिरॅमिक गोळ्यांची बेअरिंगं मिळतात आणि तेलाच्या दाबावर चालणारी, गोळ्या नसलेली पक्की रचनाही मिळते.

यामुळे एक गमतीची स्थिती तयार झाली आहे. पाच वर्षांपूर्वी क्लचबरोबर बेअरिंग बदललेली, बिलं जपून ठेवलेली ९९६ ही बेअरिंग कधीच न बघितलेल्या कमी किलोमीटरच्या ९९६पेक्षा जास्त निर्धास्तपणे घ्यावी अशी गाडी आहे. आणि कमी किलोमीटर ही इथे नेहमीच चांगली खूण नसते. वर्षाला हजार किलोमीटरही न चाललेल्या, गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीत तेल ओलावा आणि आम्ल धरून बसतं, सील वाळतं. नियमित चाललेल्या, वेळेवर तेल बदललेल्या आणि चांगली तापवून मोकळ्या रस्त्यावर दौडवलेल्या गाडीत हे बेअरिंग जास्त टिकतं, असा या इंजिनांवर काम करणाऱ्यांचा अनुभव आहे. बहुसंख्य गाड्यांत ते कधी फुटलंच नाही, हेही विसरू नये. भीतीचा आवाज धोक्यापेक्षा मोठा झाला आहे.

बेअरिंगच्या गोंधळात दुसरं दुखणं बरीच वर्षं झाकलं गेलं, आणि माझ्या मते तेच जास्त गंभीर आहे. ते म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडणं. एम-९६ आणि त्याचा पुढचा अवतार एम-९७ यांचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे. अॅल्युमिनियमवर पिस्टन थेट घासला तर ते टिकणार नाही, म्हणून सिलिंडरच्या जागी सिलिकॉनयुक्त साचा ठेवून त्याभोवती आणि त्याच्या छिद्रांत वितळलेला धातू दाबाने भरला जातो. या पद्धतीला लोकासिल म्हणतात. सिलिकॉनचे कठीण कण पिस्टनला पेलतात आणि पिस्टनच्या अंगावर लोहयुक्त लेप असतो. हा लेप झिजला किंवा भिंतीतले कण सुटू लागले की दोन मऊ धातू एकमेकांवर घासतात. उभ्या रेघा पडतात. तेल जळू लागतं. इंजिन थंड असताना टक-टक असा आवाज येतो, आणि काही दिवसांनी ते गरम झालं तरी तो आवाज जात नाही.

दुखणं बहुतेक वेळा चौथ्या ते सहाव्या सिलिंडरमध्ये, त्यातही सहाव्यात दिसतं. आडव्या इंजिनात स्फोटाच्या क्षणी पिस्टन एका बाजूच्या सिलिंडरमध्ये खालच्या भिंतीवर रेलतो आणि दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरमध्ये वरच्या. त्यामुळे दोन्ही बाजूंची झीज सारखी होत नाही. कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू करून लगेच पळवणं, लहान-लहान फेऱ्या मारणं, तेल पेट्रोलमिश्रित पातळ होईपर्यंत न बदलणं, यांनी हे लवकर घडतं. म्हणून मिनेसोटा किंवा म्युनिकच्या हिवाळ्यात रोज वापरलेली गाडी आणि दक्षिण कॅलिफोर्नियातली गाडी यांच्यात मी दुसरी निवडेन, तिचे किलोमीटर थोडे जास्त असले तरी.

इथे पुन्हा सालाचा हिशेब उलटतो. सुरुवातीच्या ३.४ लिटर इंजिनात हे ओरखडे तुलनेने विरळ आढळतात. २००२पासूनच्या ३.६ लिटर इंजिनात सिलिंडरचा व्यास तोच, ९६ मिलिमीटर, पण पिस्टनची धाव ७८ वरून ८२.८ मिलिमीटरवर गेली. तिथे ते जास्त दिसतात. २००५च्या कॅरेरा एसमधल्या ३.८ लिटर इंजिनात त्याच ब्लॉकमध्ये व्यास ९९ मिलिमीटर केला गेला, म्हणजे भिंती आणखी पातळ झाल्या, आणि तिथे ते सर्वांत जास्त आढळतात. ३५५ अश्वशक्तीची, गोल दिव्यांची, आतून देखणी २००६ची कॅरेरा एस जाहिरातीत सगळ्यांत मोहक दिसते. किंमतही आवाक्यात वाटते. नेमकी हीच गाडी सिलिंडर आतून पाहिल्याशिवाय घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

२००९च्या मॉडेलपासून पोर्शेने सगळं नव्याने केलं. ९ए१ नावाच्या या इंजिनात इंटरमीजिएट शाफ्टच नाही, क्रँकशाफ्ट थेट साखळीने कॅमशाफ्ट फिरवतो. ब्लॉकचं सिलिंडरांभोवतीचं वरचं तोंड बंद करून तो ताठ केला, सिलिंडरसाठी लोकासिलऐवजी संपूर्ण ब्लॉकच सिलिकॉनयुक्त अॅल्युमिनियमचा, म्हणजे अॅल्युसिलचा ओतला. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाऊ लागलं. ताकद कॅरेराला ३४५ आणि एसला ३८५ अश्वशक्ती झाली. जुन्या टिपट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जागी दोन क्लचचा सात गिअरचा पीडीके गिअरबॉक्स आला. बाहेरून पाहिलं तर दिव्यांच्या आतली रचना आणि बंपर यांपलीकडे फारसा फरक नाही, आणि म्हणूनच लोक २००८ आणि २००९ची गाडी शेजारी ठेवून त्यांची किंमत सारखीच असावी अशी अपेक्षा करतात. ती सारखी असू नये. थेट इंधनफवारणीमुळे व्हॉल्व्हवर काजळी साचते, उच्च दाबाचा इंधनपंप कधीकधी बदलावा लागतो, पीडीकेचे सेन्सर महाग आहेत. पण ही सगळी खर्चाची दुखणी आहेत, इंजिन घालवणारी नाहीत.

टर्बो आणि जीटी-३ यांच्याबद्दल थोडक्यात. १९९९ची जीटी-३ आणि २००० सालची ४२० अश्वशक्तीची ९९६ टर्बो यांत वर सांगितलेलं इंजिन नाहीच. त्यांचा क्रँककेस पोर्शेचे अभियंते हान्स मेत्सगर यांच्या रेसिंगच्या परंपरेतला आहे, १९९८ साली ल माँची शर्यत जिंकणाऱ्या जीटी-१ गाडीशी त्याचं जवळचं नातं आहे. वर सांगितलेली दोन्ही दुखणी तिथे नाहीत. पण या इंजिनांत पाण्याच्या नळ्यांचे काही जोड चिकटवलेले असतात, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते सुटतात आणि सगळं कुलंट रस्त्यावर येतं. ट्रॅकवर भरवेगात हे घडलं तर मागच्या चाकाखाली पाणी येऊन गाडी फिरू शकते. जोड वेल्ड केलेले किंवा पिनने बांधलेले आहेत का, हे अशी गाडी घेताना पहिलं विचारावं. मेत्सगर इंजिनाची दुरुस्ती कॅरेराच्या कितीतरी पट महाग पडते, हेही हिशेबात धरावं.

स्पोर्ट्स कार घेणारा माणूस फक्त बिघाड टाळायला ती घेत नाही. चालवताना काय वाटतं, याला यात पहिला मान आहे आणि इथे जुन्या-नव्याची तुलना वेगळ्या अंगाने होते. सुरुवातीच्या, फक्त मागच्या दोन चाकांना ताकद देणाऱ्या ९९६मध्ये अॅक्सिलरेटर अजून केबलने इंजिनाला जोडलेला होता. पाय हलला की इंजिन हललं, मध्ये संगणक नाही. नंतर इलेक्ट्रॉनिक अॅक्सिलरेटर आणि त्याच्याबरोबर स्थिरता राखणारी प्रणाली आली. पावसात किंवा अनोळखी घाटात ती जीव वाचवू शकते. ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. वळणाच्या मधोमध घाबरून पाय अॅक्सिलरेटरवरून एकदम काढला तर मागचा भाग बाहेर फेकला जातो. नव्याने अशी गाडी घेणाऱ्याला ही प्रणाली असलेली गाडीच मी सुचवेन.

हायड्रॉलिक स्टिअरिंगची ९९७ ही शेवटची पिढी. अशा स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडबडीतपणा, टायरची पकड सुटू लागण्याची चाहूल बोटांना कळते. ९९१पासून स्टिअरिंग विजेवर गेलं, चाकांमधलं अंतर १०० मिलिमीटरने वाढलं, गाडी शांत आणि स्थिर झाली, लांबच्या प्रवासाला निश्चित बरी झाली. २०१५च्या अखेरच्या सुधारणेत कॅरेराच्याही इंजिनाला टर्बो आले. ९९१ ही उत्तम गाडी आहे. पण हातातून रस्ता वाचण्याची सवय असलेल्याला ९९६ किंवा ९९७ चालवल्यावर ९९१ जरा दूरची वाटते, आणि ते वाटणं खोटं नाही. ९९६ त्यातही अरुंद आहे, साधारण १,७७० मिलिमीटर. जुन्या गावांतल्या गल्ल्यांत आणि डोंगरातल्या एकेरी रस्त्यांवर हा फरक चांगलाच जाणवतो.

आता पाहणी. विक्रेत्याला आधीच सांगावं की तुम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नये. इंजिन गार असतानाचं पहिलं अर्धं मिनिट सर्वांत जास्त सांगून जातं. आडव्या इंजिनात रात्रभरात थोडं तेल सिलिंडरमध्ये उतरतं, त्यामुळे सुरू करताना थोडासा निळा धूर दिसला तर घाबरू नये. भरपूर आणि थांबायचं नाव न घेणारा पांढरा धूर दिसला तर तेल-हवा विभाजक गेला असावा, ते काम मोठं नाही. सायलेन्सरच्या दोन टोकांपैकी एक स्वच्छ आणि दुसरं काजळीने माखलेलं असेल तर ओरखड्यांचा संशय घ्यावा. मग गाडी लिफ्टवर चढवावी. गिअरबॉक्स आणि इंजिन जिथे जुळतात तिथे तेलाचा ओलावा असणं फार सामान्य आहे, त्यावरून भाव कमी करता येतो, पण सौदा मोडू नये. तेलाचा फिल्टर उघडून त्याच्या घड्यांत धातूची चमक आहे का ते बघावं. मग बारीक कॅमेरा सिलिंडरमध्ये सोडावा. स्पार्क प्लगच्या छिद्रातून वरचा भाग दिसतो, पण ओरखडे अनेकदा खालच्या भागात असतात. तळाची प्लेट काढून खालून पाहिलं तर निश्चित कळतं. विक्रेता याला नाही म्हणत असेल तर दुसरी गाडी बघावी.

गाडीचा संगणकही बोलतो, आणि लोक त्याचं पुरेसं ऐकत नाहीत. इंजिन एकूण किती तास चाललं आणि मर्यादेपलीकडे ते किती वेळा फिरलं, याची नोंद त्यात असते. किलोमीटरला तासांनी भागलं की सरासरी वेग निघतो. ८०,००० किलोमीटर आणि १,६०० तास म्हणजे ताशी ५०, हे पटण्यासारखं आहे. ६०,००० किलोमीटर आणि २,४०० तास म्हणजे ताशी २५. तेव्हा एक तर गाडी आयुष्यभर शहराच्या कोंडीत चालली आहे, किंवा मीटर मागे फिरवलेला आहे. मर्यादेपलीकडच्या फेऱ्यांची नोंदही दोन प्रकारची असते. अॅक्सिलरेटर दाबून लाल रेषेला लागणं निरुपद्रवी, तिथे संगणक स्वतःच इंधन तोडतो. पण पाचव्याऐवजी चुकून तिसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात आणि संगणकाला काही करता येत नाही. वरच्या टप्प्यातल्या अशा नोंदी अलीकडच्या असतील तर ती गाडी सोडून द्यावी.

बंपरच्या पुढच्या जाळीतून टॉर्च मारून रेडिएटर बघावेत. पानं आणि कचरा तिथे साचून सडतो आणि रेडिएटर, एसीचे कंडेन्सर कुजतात. बॉनेटच्या आतल्या बाजूला गाडीच्या मूळ पर्यायांच्या क्रमांकांचं लेबल असतं. ते मूळ जागी आहे का आणि त्यातला गाडीचा क्रमांक कागदपत्रांशी जुळतो का, हे तपासलं की पुढचा भाग अपघातात बदलला गेला आहे का याचाही अंदाज येतो. कागदांचा गठ्ठा जाड असलेली गाडी मी जास्त पैसे देऊन घेईन.

भारतात राहणाऱ्यांसाठी हा पर्याय फारच मर्यादित आहे. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करायला साधारणपणे परवानगी नाही आणि डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची गाडी तर आणताच येत नाही. त्यामुळे मुंबई-पुण्यात जुनी ९११ घ्यायची तर इथे नवीन असताना विकल्या गेलेल्या मोजक्या गाड्यांतूनच निवडावी लागते, आणि या इंजिनाचं पोट ओळखणारा मेकॅनिक आधी शोधून मगच गाडी शोधावी. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, बाडेन-व्युर्टेम्बर्ग किंवा बव्हेरियात नोकरी करणाऱ्या मराठी लोकांना मात्र ही गाडी खरोखर आवाक्यात आहे, आणि सुटे भाग, विशेषज्ञ गॅरेज, जाणकार मालक हे सगळं जवळ आहे. जर्मनीत दर दोन वर्षांच्या सक्तीच्या तपासणीचे जुने अहवाल मागून घ्यावेत. त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर आणि गंज, गळती यांच्या नोंदी असतात, आणि ते विक्रेत्याच्या आठवणीपेक्षा जास्त खरं बोलतात. तीस वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्थितीत राखलेल्या गाडीला तिथे ऐतिहासिक वाहनाची पाटी आणि करसवलत मिळते, आणि पहिल्या ९९६ गाड्या आता त्या वयाच्या उंबरठ्यावर आल्या आहेत.

कोणती घ्यावी, याचं माझं उत्तर असं. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालवायची असेल, कामावर न्यायची असेल आणि पैसा पुरत असेल तर २००९ ते २०११मधली ९९७ कॅरेरा, हाताने बदलायच्या गिअरची. एसचा हट्ट धरू नये, साधी कॅरेरा वजनाला हलकी आहे आणि तिचे टायर-ब्रेकही स्वस्त पडतात. पैसा कमी असेल तर १९९९ ते २००१मधली ३.४ लिटरची ९९६, क्लच आणि बेअरिंगचं काम झालेली, अनेक वर्षं एकाच मालकाकडे राहिलेली. त्यानंतर २००२-०४ची ९९६, तीही बेअरिंग बदललेली आणि सिलिंडर आतून पाहिलेली. २००५-०८ची ३.८ लिटरची एस शेवटी, फक्त स्वच्छ सिलिंडरच्या पुराव्यासह. आणि यांतली कोणतीही घेतली तरी किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम बाजूला ठेवावी: पहिल्याच महिन्यात तेल, कुलंट, ब्रेकचं तेल, वॉटर पंप आणि जुने झालेले टायर बदलायला ती लागणार आहे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवर छापलेली बनावटीची तारीख वाचावी. कमी चाललेल्या गाड्यांवर दहा वर्षांचे, दगडासारखे कडक झालेले टायर सर्रास सापडतात, आणि मागे इंजिन असलेल्या या गाडीत ओल्या रस्त्यावर सगळ्यांत आधी तेच दगा देतात.